बेलटोली, शाखा डाकघर

बाबा बेलटोलीचे पोस्टमास्तर. डाकघर म्हणजे
आमच्याच ओसरीतली लोखंडी पेटी, तराजू
आणि एक शिक्का,
ज्याच्यातला 'टो' झिजून 'टा'सारखा उमटायचा.

रात्री परातीत कोमट पाणी.
पाकिटांचे कोपरे त्यात पडून राहत,
मग तिकिटं एकेक करून कागद सोडत.
आई म्हणायची, उद्या याच परातीत कणीक भिजवायची आहे मले.

देवाजी कुंभरे रेडिओ ऐकून ताश्कंदला पत्र टाकायचा:
कार्यक्रम स्पष्ट आला, मधे थोडी खरखर.
उत्तराच्या पाकिटावर अंतराळवीर यायचे,
बर्फातली रेल्वे, लांब नाकाची हरणं.
बाबांचा भाव ठरलेला. एका अंतराळवीराला चार देशी.
त्रिकोणी तिकिटाला मात्र पायलीभर लाखोळी,
आणि ते नुसतं पाहायला
मोहाडीहून एक मास्तर सायकलीनं आला होता,
घाम पुसून, हात धुऊन मगच टेकला.

"तिकीट न् धान सारखंच," बाबा म्हणत,
"कोठीत राह्यलं तं भाव येते."
म्हणून नवी तिकिटं पानंच्या पानं घेतली,
पंचवीस पैशांची, पन्नासची,
मधे टीपकागद घालून.
त्यांना कुठं माहीत,
त्याच आठवड्यात वर्ध्यात, अचलपुरात, भुसावळात
किती पोस्टमास्तर, किती कारकून
तेच पान तसंच पेटीत ठेवत होते,
हाच हिशोब मनात धरून.

मग धरण झालं. आम्ही वर आलो,
पत्र्याच्या घरांत, नंबरांच्या गल्लीत.
बाबा गेले. पेटी माझ्याकडे.

नागपूरचा मोटघरे मोटारसायकलीवर आला,
प्लास्टिकच्या खुर्चीत बसून भिंग काढलं.
कोरी पानं त्यानं पत्त्यांसारखी सरकवली.
"ताई, छापल्या किमतीतही कोणी घेत नाही हे.
जमवणारे म्हातारे झाले. त्यांचे पोट्टे विकून राह्यले,
अन् विकत घ्यायला नवीन पोट्टे नाहीत."
डिंकावरच्या तपकिरी ठिपक्यांवर बोट ठेवलं: "तांबेरा."
मला वाटलं होतं
तांबेरा फक्त गव्हाला लागतो.

अंतराळवीरांचं पान मी पुढं केलं.
म्हटलं, हा देशच उरला नाही, मग हे तर दुर्मिळ?
तो हसला.
"देश गेला, पण जायच्या आधी छापून लई गेला."

तेवढ्यात वहीतून एक पाकीट निसटलं.
मी भंडाऱ्याच्या वसतिगृहात असतानाचं, बाबांच्या अक्षरातलं.
तिकिटाकडे त्यानं पाहिलंच नाही.
भिंग शिक्क्यावर थांबलं.
"बेलटोली? ते बुडालं न?"
बुडालं, म्हटलं.
खुर्ची पुढं सरकली.

दोन हजार म्हणाला. मी गप्प, तर अडीच.
बुडालेल्या गावांचे शिक्के जमवणारा पुण्यात एक जण आहे म्हणे,
गेल्या वर्षी सोलापुरात दुसरा निघाला.
एकटाच असता तर पाचशेही आले नसते.
"अजून किती आहेत?"
अकरा, म्हणणार होते. म्हटलं, बघावं लागेल.
त्यानंच आवाज उतरवला:
"असले तरी दाखवू नका सगळे. अकरा दिसले, का
दोघांचंही मन भरते."
आकडा त्याला कसा कळला,
ते मी अजून ठरवू शकले नाही.

आम्ही राहत होतो तेव्हा
त्या शिक्क्याचा भाव फक्त शाईचा होता.

मी पाकीट दिलं. आतलं पत्र काढून घेतलं,
त्याला ते नकोच होतं.
रिकामं पाकीट त्यानं चिमट्यानं उचललं,
प्लास्टिकमध्ये सरकवलं, बटण लावलं.

पत्र आता उघडंच असतं, डब्यात, मिरचीच्या पावत्यांखाली.
गाय व्याली, गोऱ्हा झाला.
मनिऑर्डर सोमवारी निघेल, जपून वापर.
आणि शेवटी, घाईत, समासात आडवं लिहिलेलं:
शिक्क्यातला टो पार झिजला,
नवीन मागवला आहे, अजून आला नाही.